वाड्याची पाठशुद्धी

जुना वाडा सावरणे आणि जुनी पोथी शुद्ध करणे ही कामे वरवर भिन्न दिसत असली, तरी दोहोंपुढील प्रश्न एकच असतो : मूळ कशास म्हणावे? पुण्याचा विश्रामबाग वाडा या दृष्टीने वाचण्याजोगा आहे. दुसऱ्या बाजीरावाने तो १८०७ मध्ये बांधून पुरा केला. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. १८२१ मध्ये त्याच वास्तूत संस्कृत पाठशाळा भरू लागली. १८७९ च्या आगीत वाड्याचा काही भाग जळाला व पुढे नव्याने उभा राहिला. नंतर नगरपालिकेचा कारभारही तेथून चालला. जीर्णोद्धारकाने यांपैकी कोणता पाठ प्रमाण मानावा? केवळ पेशवाईचा मानल्यास पाठशाळा व नगरपालिका हे प्रक्षेप ठरतात. परंतु वाडा टिकला तो याच प्रक्षेपांमुळे.

एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि तीत कोणी आपली ओवी घालू नये, असे बजावले. स्वतः समर्थ कवी असूनही त्यांनी पाळलेला हा संयम वाड्याच्या दुरुस्तीत चुन्याच्या रूपाने प्रकटतो. चुन्याचा गिलावा भिंतीतील ओल बाहेर जाऊ देतो. सिमेंटचा थर ती कोंडून ठेवतो आणि भिंतीत गाडलेले लाकूड आतून कुजते. वरून घोटीव दिसणारी ही भिंत म्हणजे घुसडलेली ओवीच होय. याउलट, कुजलेल्या खांबाचा तेवढाच भाग काढून तेथे सागाचा तुकडा सांधणे, आणि तो सांधा जवळून पाहणाऱ्यास कळेल असा ठेवणे, ही प्रामाणिक संपादकाची तळटीप ठरते.

तथापि शुद्ध पाठही निर्दोष असतोच असे नाही. महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'तील देशपांड्यांचा वाडा वतनदारीच्या अभिमानावर उभा आहे, तसाच घरातील स्त्रियांच्या अबोल कष्टांवरही. दिवाणखान्याची नक्षी उजळून माजघराला कुलूप घालणारा जीर्णोद्धार या दुसऱ्या आधाराचा पाठ गाळतो. म्हणून चुलीच्या धुराने काळवंडलेली तुळई घासून लख्ख करण्याचा मोह आवरावयास हवा. दप्तरात जिचे नाव कधी चढले नाही, तिच्या वास्तव्याची तेवढीच नोंद तेथे उरलेली असते.