‘व्हतंय की!’ आणि पेंडिंगचं गणित

रात्री साडेदहाच्या सुमाराला कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एखाद्या फौंड्रीच्या फाटकातून मालकाची गाडी बाहेर पडते. डिकीत गोणपाटात गुंडाळलेली वीस-पंचवीस कास्टिंग, मागच्या सीटवर डुलक्या घेणारा डिस्पॅचचा पोरगा. पहाटेच्या आत पुण्याजवळचं चाकण गाठायचं, कारण सकाळच्या पाळीला ग्राहकाची असेंब्ली लाईन थांबली तर फोनवर बोलणारा माणूस वेगळा असतो आणि भाषाही वेगळी असते. डिझेल आणि टोलात त्या कास्टिंगांचा नफा कधीच धुऊन निघालेला असतो. आणि त्याच वेळी फौंड्रीच्या यार्डात, महिनाभर कुणी न मागितलेल्या दुसऱ्याच कास्टिंगांचा ढीग पावसात गंजत असतो.

हे ज्याला उलगडलं, त्याला पेंडिंग ऑर्डरचा सगळा विषय उलगडला. घेतलेली, कबूल केलेली, तारीख उलटलेली आणि तरीही द्यायची राहिलेली ऑर्डर म्हणजे पेंडिंग. कारखान्यात काम होत नाही म्हणून पेंडिंग साठतं, असा सर्वसाधारण समज आहे. पीपीसीच्या, म्हणजे उत्पादन नियोजनाच्या टेबलावर उमेदीची वर्षं घालवलेल्या प्रस्तुत लेखकाचं मत उलटं आहे. काम भरपूर होतं. फक्त ज्याचा फोन मोठ्यानं वाजला त्याचं होतं.

समोर येईल त्याला लगेच ‘हो’ म्हणण्याची ही सवय कोल्हापूरला वारशानं आली असावी. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार यांच्या पिढीनं इंजिनं दुरुस्त करता करता ती स्वतःच बनवायला घेतली. शिवाजी उद्यमनगरात उसाचे चरक, ऑईल इंजिनांचे भाग आणि पंप यांच्या जोरावर ओतकामाची परंपरा उभी राहिली. शेतकरी दारात यायचा, तुटलेला भाग दाखवायचा आणि मेस्त्री म्हणायचे, ‘व्हतंय की!’ त्या शब्दावर धंदा चालायचा. पुढे हा धंदा शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगलेच्या पंचतारांकित वसाहतीत पसरला आणि गिऱ्हाईकही बदललं. आता ते दारात येत नाही. वाहनकंपनीचं महिन्याचं शेड्यूल ईमेलनं येतं, आठवड्याला बदलतं. ‘व्हतंय की’ मात्र तेच राहिलं.

अमेरिकी संशोधक जॉन लिटल यांनी १९६१ साली रांगांविषयीचा एक नियम सिद्ध केला. तो इतका साधा आहे की, तो ऐकून कारखानदार ‘यात काय नवीन?’ असं विचारतो. रांगेत जेवढं काम उभं आहे त्याला रोज उरकणाऱ्या कामानं भागा. शेवटच्या माणसाला किती थांबावं लागेल ते कळतं. फौंड्रीत ३०० टनांचं पेंडिंग असेल आणि रोज १० टन चांगलं कास्टिंग निघत असेल, तर आज आलेल्या ऑर्डरीला ३० कामाचे दिवस लागणार. मधे घुसवली तर ती लवकर जाईल, पण दुसरी कुठली तरी तेवढीच मागे सरकेल. तरीही फोनवर उत्तर जातं, ‘दहा दिवसांत देतो.’ पेंडिंगचा जन्म भट्टीवर होत नाही, इथं होतो.

मग यावर उपाय म्हणून घेतलं जाणारं नियोजनाचं सॉफ्टवेअर नेमकं करतं काय? मूळ कल्पना जोसेफ ऑर्लिकी यांची. १९६४ च्या सुमारास त्यांनी ती अमेरिकी कारखान्यात राबवली आणि १९७५ मध्ये तिच्यावर जाडजूड पुस्तक लिहिलं. तिचं नाव एमआरपी, म्हणजे मालाच्या गरजेचं नियोजन. आज सॅपसारख्या महागड्या प्रणालीपासून मुंबईच्या फ्रापे कंपनीच्या मुक्तस्रोत ईआरपीनेक्स्टपर्यंत सगळ्यांच्या पोटात हेच गणित आहे.

समजा, एका ब्रॅकेटचे १००० नग पेंडिंग आहेत. १२० तयार आहेत. फेटलिंगला, म्हणजे घासून साफ करायला, २०० पडलेत. रिजेक्शन ५ टक्के धरलं तर त्यांतले १९० हाती येतील. उरले ६९०. पण ५ टक्के रिजेक्शन वजा जाता ६९० चांगले नग हवे असतील तर ७२७ ओतावे लागतील. साच्याच्या एका बॉक्समध्ये चार नग बसतात, म्हणून १८२ बॉक्स. रनर-रायझरसकट बॉक्सला ७० किलो मेटल लागतं. ५०० किलोच्या भट्टीतून एका हीटला, म्हणजे एका वितळणीला, सात बॉक्स भरतात. झाल्या २६ हीट. दिवसाला या ग्रेडच्या तीन हीट मिळाल्या तर नऊ दिवस. वहीवाला पीपीसीवाला इथं थांबतो आणि ग्राहकाला ‘नऊ दिवस’ कळवून मोकळा होतो.

पण प्रत्येक नगाला आतली पोकळी घडवणारे वाळूचे दोन कोअर लागतात, म्हणजे साडेचौदाशेच्या आसपास. कोअर शॉपमध्ये या भागासाठी दिवसाला १२० च मिळत असतील, तर बारा दिवस पुरत नाहीत, तेराव्यात जावं लागतं. म्हणजे भट्टी मोकळी होती, मोल्डिंग मोकळं होतं, अडलं कोअरवर. एलियाहू गोल्डरॅट या इस्रायली भौतिकशास्त्रज्ञानं १९८४ मध्ये ‘द गोल’ नावाची कादंबरी लिहून हेच सांगितलं होतं: सगळा कारखाना सगळ्यांत हळू यंत्राच्या वेगानंच चालतो. हा गृहस्थ आधी नियोजनाचं सॉफ्टवेअर विकत होता आणि मग कादंबरीकडे वळला, हे सॉफ्टवेअर विकत घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

कारण जुन्या एमआरपीत मोठी खोट होती. किती माल लागेल ते ती अचूक सांगायची; यंत्रांची क्षमता मात्र अमर्याद आहे असं गृहीत धरायची. क्षमतेची मर्यादा मानून वेळापत्रक लावणारी प्रणाली वेगळी असते आणि फौंड्रीला तीच लागते. इथं तर आणखी एक खोच आहे. भट्टीत एका वेळी धातूचा एकच ग्रेड वितळतो. एसजी आयर्नमध्ये, म्हणजे चिवट बिडात, मॅग्नेशियम घातलं की साधारण दहा मिनिटांत मेटल ओतून व्हायला हवं, नाहीतर त्याचा गुण उतरतो. म्हणून ज्याची ऑर्डर आधी त्याचं काम आधी, हा किराणा दुकानातला नियम इथं चालत नाही. आज एफजी २६० हा ग्रेड चालू असेल तर त्या ग्रेडची, साचे तयार असलेली, जास्त थकलेली पेंडिंगं एकत्र बांधायची. हे माणूस डोक्यात करू शकतो. चांगले फोरमन करतातच. पण दोनशे पॅटर्न आणि तीस ग्राहक झाले की फोरमनच्या डोक्यात फक्त शेवटचा फोन शिल्लक राहतो.

अशाच एका फौंड्रीत प्रस्तुत लेखक सॉफ्टवेअर बसवायला गेला होता. पहिल्या दिवशी सगळं पेंडिंग संगणकात चढवलं. आकडा पाहून मालक हबकले. मग आठवडाभर एकेक ओळ ग्राहकाशी ताडून पाहिली. काही ऑर्डरी ग्राहकानं केव्हाच रद्द केल्या होत्या, काहींचं ड्रॉइंग बदललं होतं, काही तर दोनदा लिहिल्या होत्या. यार्डात गंजणारा तो ढीग असल्याच ऑर्डरींचा होता. एकही कास्टिंग जास्तीचं न ओतता पेंडिंग खाली आलं. सॉफ्टवेअरनं काही हुशारी केली नव्हती. त्यानं फक्त प्रत्येक ओळीला मालक मागितला होता.

खरी अडचण पुढे आली, ती रिजेक्शनची. फेटलिंगच्या सुपरवायझरला खराब नग लगेच नोंदवायला जड जातं. संध्याकाळच्या मीटिंगमध्ये कोण बोलणी खाणार? मग स्क्रीनवर १९० नग दिसतात, पेटीत १७५ भरतात आणि डिस्पॅचच्या दिवशी १५ नगांसाठी पुन्हा मालकाची गाडी निघते. त्यात कास्टिंगचा स्वभाव लबाड. आतला ब्लोहोल, म्हणजे वायूची पोकळी, वरून दिसत नाही. ग्राहकाकडे मशीनिंगला टूल लागलं की उघडा पडतो. महिन्यापूर्वी ‘पूर्ण’ झालेली ऑर्डर तेव्हा पुन्हा पेंडिंगमध्ये येऊन बसते. म्हणून त्या फौंड्रीत एक नियम झाला: त्याच पाळीत नोंदवलेल्या रिजेक्शनबद्दल त्या दिवशी कुणी रागावायचं नाही. हा नियम बसवायला सॉफ्टवेअरपेक्षा जास्त महिने लागले.

काही गोष्टींसाठी मात्र कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये तयार रकाना नसतो. ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४३ फूट. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, वाहतूक बंद पडली आणि पेट्या भरून तयार असलेला माल जागच्या जागी पेंडिंग झाला. जुलै २०२१ मध्ये नदी त्याहून वर चढली. तेव्हापासून जाणता पीपीसीवाला पावसाळ्यात ग्राहकाच्या शेड्यूलइतकंच बंधाऱ्याच्या आकड्याकडे बघतो. ३९ फुटांची इशारा पातळी जवळ आली की पुढच्या आठवड्याचा तयार माल आधीच पुण्याच्या गोदामात हलवलेला बरा. जोतिबाची चैत्र यात्रा, गणपती, गावाकडची भातलावणी हेही कॅलेंडरमध्ये हातानंच भरावं लागतं. परदेशी बनावटीच्या प्रणालीला चैत्र पौर्णिमा ठाऊक नसते, आणि त्या दिवशी पूर्ण हजेरी धरून ती बिनधास्त आठ हीट लावून देते.

तारीख सांगण्याची गंमत शेवटी फोनवरच कळते. परवा एका तरुण पीपीसीवालीला चाकणहून फोन आला. समोरचा नेहमीप्रमाणे ‘उद्या पाहिजे’वर अडला होता. तिनं स्क्रीन पाहिली आणि सांगितलं, ‘साहेब, उद्या नाही. मंगळवारी दोनशे, शुक्रवारी उरलेले.’ पलीकडे क्षणभर शांतता. मग आवाज आला, ‘बरं, मंगळवारचं नक्की ना? मग मी तसं लाईनला कळवतो.’ शेजारी उभ्या मालकांचा हात सवयीनं गाडीच्या किल्लीकडे गेला होता, तो परत आला.

आता दिवाळीची सुट्टी लागेल, भट्ट्या थंड होतील आणि एरवी न मिळणारी उसंत साधून त्यांचं लायनिंग बदललं जाईल. सुट्टीनंतरच्या पहिल्या हीटला कोणते सात बॉक्स भरायचे, त्याची यादी तिनं छापून भट्टीजवळच्या फळ्यावर लावून ठेवली आहे. नव्या लायनिंगची पहिली हीट जरा सावकाश घ्यावी लागते, म्हणून त्या दिवशी तिनं आठाऐवजी सहाच हीट धरल्या आहेत.