म्हातारपणातली कमांडोगिरी

"अम्मी, एकटी फिरायला जाऊ नकोस," दुबईहून मुलगा रोज बजावतो. काळजी खरी आहे. आमच्या पवईत परवाच एका शेजारणीची साखळी खेचली गेली. पण भीतीनं बहात्तराव्या वर्षी घरात बसले, तर पायातलं बळच जाईल.

जवळच मरोळला एनएसजीचं केंद्र आहे. २६ नोव्हेंबर २००८च्या हल्ल्यानंतर, कमांडो मुंबईतच असावेत म्हणून ते २००९ मध्ये सुरू झालं. त्यांची चपळाई आपल्याला कुठली येणार? पण सावधपणा शिकता येतो. फजरनंतर निघताना दागिने घरी ठेवते. मागे बाइक मंदावली की बाजूला सरून वळून बघते. कुणी पिशवी ओढलीच तर सोडून द्यायची, तोल सांभाळायचा आणि मोठ्यानं ओरडायचं. पिशवी पुन्हा घेता येते, खुब्याचं हाड मोडलं तर माणूस अंथरुणाला खिळतो.

२०२० मध्ये पुण्याच्या शांताबाई पवार ८५व्या वर्षी रस्त्यावर काठी फिरवताना सगळ्यांनी पाहिल्या. लहानपणीची कला लॉकडाउनमध्ये त्यांच्या पोटाला आली. मला काठी येत नाही. मी रोज हात न टेकता दहा वेळा खुर्चीवरून उठते.

मुलांनो, आईला जपायचं म्हणून कोंडू नका. सुट्टीला आलात की तिच्याबरोबर चाला.