तिसऱ्या रनचा आकडा

टर्बोची गाडी डायनोवर, म्हणजे इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, चढली की मालकाची नजर एकाच गोष्टीवर असते, कमाल बीएचपी किती आली. हा कमाल आकडा बहुतेक वेळा पहिल्याच रनला येतो. दुसऱ्या रनला तो थोडा खाली येतो, तिसऱ्याला आणखी. मग मालकाचा चेहरा पडतो आणि तो म्हणतो, "सर, पहिल्या रनचीच प्रिंट द्या." पुण्यात डायनो चालवताना हे वाक्य मी सतत ऐकतो. ती प्रिंट द्यायला माझी हरकत नसते. पण गाडी नेमकी कशी आहे हे मला विचाराल, तर मी तिसऱ्या रनकडे बोट दाखवीन.

हे सगळं उष्णतेमुळे घडतं. टर्बो हवा दाबतो आणि दाबलेली हवा तापते. बाहेर ३५ अंश आहेत, टर्बो वातावरणाच्या दुप्पट दाब देतोय आणि त्याच्या कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के आहे असं धरलं, तर कॉम्प्रेसरमधून निघणारी हवा १३० अंशांच्या आसपास असते. पाणी उकळायला शंभर पुरतात, यावरून अंदाज घ्या. ही हवा तशीच सिलिंडरमध्ये गेली तर दोन नुकसानं होतात. गरम हवा विरळ, म्हणून ऑक्सिजन कमी जातो. आणि ठिणगी पडल्यानंतर, ज्वाळा पोचण्याआधीच, उरलेलं मिश्रण आपोआप पेट घेऊ लागतं, त्याला आम्ही नॉक म्हणतो. इंटरकूलर ७० टक्के काम करत असेल तर तीच हवा ६४ अंशांवर येते आणि जवळजवळ वीस टक्के दाट होते. बंपरमागे लपलेल्या त्या जाळीदार चौकटीचं मोल एवढं मोठं आहे.

पण पहिल्या रनला ही उष्णता जाते कुठे? बहुतेक लोक म्हणतील, वाऱ्यात. हिशेब करून बघा. दीडशे बीएचपीचं पेट्रोल इंजिन पूर्ण जोरात सेकंदाला साधारण ११० ग्रॅम हवा ओढतं. तिला १३० वरून ६४ वर आणायचं म्हणजे सात किलोवॅटच्या वर उष्णता काढून घ्यायची. इंटरकूलरचा गाभा पाच किलो ॲल्युमिनियमचा असेल तर तो एक अंश तापायला साडेचार किलोज्यूल लागतात. म्हणजे दहा सेकंदांच्या रनमध्ये वाऱ्याची झुळूकही नसली तरी गाभा सोळा-सतरा अंशांनीच तापेल. सकाळची गार दगडी भिंत दुपारपर्यंत ऊन पीत राहते, तसा तो धातू उष्णता पिऊन घेतो. आलेख देखणा येतो. दोन मिनिटांनी दुसरा रन होतो तेव्हा गाभा आधीच तापलेला असतो, आणि तिसऱ्याला त्याच्यात पिण्यासारखं फारसं उरत नाही. आता वारा किती काम करतोय ते उघड होतं.

डायनोवर तोच वारा कमी पडतो. रस्त्यावर ताशी शंभर किलोमीटरला सेकंदाला २८ मीटर वेगाने हवा ग्रिलवर आदळते. खोलीतला पंखा कितीही आवाज करू दे, त्याची हवा गाभ्यापर्यंत पोचेपर्यंत मंदावते आणि अर्धी बंपरच्या कडेने निसटते. पहिल्या पिढीच्या फॉर्च्युनरचं उदाहरण घ्या. तिचा इंटरकूलर इंजिनाच्या डोक्यावर, बॉनेटवरच्या झडपेखाली. समोरून पंखा लावून रेडिएटर गार राहतो आणि सगळे निर्धास्त होतात, पण झडपेत हवा शिरतच नाही. तिथे वेगळा पंखा आणि वेगळा पाइप लावल्याशिवाय अशा गाडीचा निकाल मी लिहीत नाही. फोक्सवॅगनच्या १.० टीएसआयमध्ये इंटरकूलर पाण्याचा, थेट इनटेक मॅनिफोल्डमध्ये बसवलेला. पाणी ॲल्युमिनियमपेक्षा वजनामागे चौपटीहून जास्त उष्णता साठवतं, त्यामुळे घसरण उशिरा सुरू होते. मात्र ते पाणी एकदा तापलं की निवायलाही वेळ घेतं.

फार पूर्वी, १८७७ मध्ये, विल्यम फ्रूडने जहाजांच्या इंजिनांसाठी पाण्याचा ब्रेक बांधला. इंजिनाला अडवायचं आणि अडवायला किती जोर लागला ते मोजायचं, ही डायनोमागची कल्पना आजही तीच आहे. नुसता जड रोलर फिरवणाऱ्या डायनोवर मात्र अडवून धरणं जमत नाही, तिथे रन काही सेकंदांत संपतो. इंटरकूलरची परीक्षा घ्यायची तर एडी करंटचा ब्रेक हवा. तीन हजार आरपीएमला भार धरून ठेवायचा आणि तापमान कुठे स्थिरावतं ते पाहत बसायचं. खंबाटकी घाटाच्या चढावर भरलेली गाडी, एसी चालू, पुढे ट्रक. हे काम त्याच्याशी जुळतं. पाव मैलाच्या ड्रॅगसाठी जड गाभा आणि त्यावर बर्फाची पिशवी चालून जाते, घाटात नाही.

दुरुस्तीच्या गुणकाबद्दल बोलल्याशिवाय मला राहवत नाही. एसएई जे-१३४९ हे मानक निकाल २५ अंश आणि ९९ किलोपास्कल कोरड्या दाबावर आणून ठेवतं. पुण्यात हवेचा दाब सुमारे ९५. बत्तीस अंशांच्या दुपारी हा गुणक आकडा आठ-नऊ टक्क्यांनी फुगवतो. साध्या इंजिनाला ते न्याय्य आहे. टर्बोच्या गाडीत मात्र इसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, बूस्ट वाढवून कमी दाबाची भरपाई बऱ्याचदा आधीच करून बसलेला असतो. त्यावर पुन्हा गुणक लावणं म्हणजे एकाच मालाचे दोनदा पैसे घेणं. शिवाय ती भरपाई फुकट होत नाही. मुंबईइतकाच दाब मॅनिफोल्डमध्ये राखायला पुण्यात टर्बोला जास्त दाबावं लागतं आणि हवा आठ-दहा अंश जास्त तापते. म्हणून मी टर्बोच्या गाडीला कच्चा आकडाही छापून देतो, आणि त्याच कागदावर इनटेकच्या तापमानाची रेघ. ती रेघ नसलेली प्रिंट कोणी दाखवली तर मी तिच्यावर मत देत नाही.

पावसाळ्यात सांगलीचा एक तरुण टर्बो पेट्रोल सेडान घेऊन आला. समोर नवा, रुंद इंटरकूलर. पहिला रन १६२, इनटेक ४८ अंश. तिसरा रन १४७, इनटेक ७१. घनतेने सात टक्के खाल्ले होते, बाकीचे इसीयूने टायमिंग मागे घेऊन सोडले होते, लॉगमध्ये ते स्पष्ट दिसत होतं. "सर, ह्याहून मोठा टाकू का?" त्याने विचारलं. मी इंटरकूलरच्या आधी आणि नंतर थर्मोकपल आणि दाबाच्या नळ्या लावल्या. दाबाचा तोटा किरकोळ होता, म्हणजे आतली वाट मोकळी. मग बंपरसमोर धुराची कांडी धरली. धूर ग्रिलमधून आत गेला आणि गाभ्याला वळसा घालून खालून बाहेर पडला. वरच्या कडेला तीन बोटं जाईल एवढी फट होती आणि खाली पत्राच नव्हता.

मोठा इंटरकूलर घेऊ नकोस, असं मी त्याला स्पष्ट सांगितलं. जाड गाभा मागच्या रेडिएटरचा वारा अडवतो आणि इंजिनच तापायला लागतं. शेजारच्या पत्रेवाल्याकडून ॲल्युमिनियमची चौकट वाकवून घेतली, खालची बाजू बंद केली. तिसऱ्या रनला इनटेक ५९ वर थांबलं, आकडा १५५. पहिला रन होता तिथेच राहिला. एसीचा कंडेन्सर आणि गाभा यांच्यामधून अजूनही थोडी हवा निसटते. तिथे चिकटवायला फोमची पट्टी आणून ठेवली आहे, दिवाळीनंतर तो गाडी घेऊन येणार आहे.