बापाची साक्ष

हॉलिवूडच्या चित्रपटांना नीतिनियमांची चौकट घालून देणारा मसुदा एका येशूसंघीय धर्मगुरूच्या लेखणीतून उतरला, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. फादर डॅनियल लॉर्ड हे त्यांचे नाव. अमेरिकेतील सेंट लुईस विद्यापीठात ते अध्यापन करीत, स्वतः नाटके लिहीत आणि बसवीतही. सिसिल डिमिल यांच्या १९२७ सालच्या 'किंग ऑफ किंग्ज' या ख्रिस्तचरित्रपटाला त्यांनी सल्लागार म्हणून साहाय्य केले होते. चित्रपट व्यवसायाची नियतकालिके काढणारे कॅथलिक प्रकाशक मार्टिन क्विग्ली यांच्यासह त्यांनी ही नियमावली सिद्ध केली आणि ३१ मार्च १९३० रोजी निर्मात्यांच्या संघटनेने ती स्वीकारली. नाटक-संगीताची उत्तम जाण असलेल्या या मनुष्याला अरसिक म्हणण्याची सोय नाही. म्हणूनच त्यांना नेमके काय खटकले, हे पाहण्याची उत्सुकता माझ्या मनात बरीच वर्षे होती. सेमिनरीत आम्ही पोप अकरावे पायस यांचे 'विजिलांती कुरा' हे चित्रपटविषयक विश्वपत्र वाचले होते. ज्या चित्रपटांमुळे ते लिहिण्याची वेळ आली, ते मात्र आमच्यापैकी कोणीच पाहिलेले नव्हते. गेल्या दोन पावसाळ्यांत सायंप्रार्थना आटोपल्यावर मी त्यांतील काही एकामागून एक पाहिले.

त्या काळचा मूकपट नुकताच बोलू लागला होता. ध्वनिग्राहक यंत्र एका जागी दडवून ठेवावे लागे, आणि कॅमेऱ्याची घरघर त्यात उतरू नये म्हणून त्याला बंद पेटीत कोंडावे लागे. साहजिकच माणसे एका खोलीत उभी राहून बोलतील, अशाच कथा सोयीच्या ठरल्या. रंगभूमीवरची नाटके उचलली गेली. रंगभूमीवरचे, शब्द स्पष्ट उच्चारणारे नटही आले. श्रीमंतांचा दिवाणखाना आणि न्यायालय ही बोलपटाची पहिली दोन घरे होत. १९२९ या एकाच वर्षी 'द ट्रायल ऑफ मेरी डुगन', 'मॅडम एक्स' आणि 'द लेटर' हे तीन चित्रपट आले. तिन्हींत खून आहे, प्रेमप्रकरण आहे आणि तिन्हींत स्त्री आरोपीच्या पिंजऱ्यात उभी आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला. १९३३ पर्यंत तेथील सुमारे एकचतुर्थांश कामकरी माणसे बेकार झाली होती. अशा दिवसांत लोक खिशातली चिल्लर मोजून तिकीट काढीत आणि पडद्यावरच्या मोत्यांच्या माळा व रेशमी झगे पाहत बसत. त्यांना केवळ स्वप्न हवे होते, असे मला वाटत नाही. त्या झगमगत्या घरांत आत काय चालते, हेही त्यांना पाहायचे असावे.

'द डिव्होर्सी' (१९३०) मध्ये एका सुखवस्तू जोडप्याच्या विवाहाचा तिसरा वाढदिवस आहे. त्याच दिवशी पतीचे दुसऱ्या स्त्रीशी संबंध आल्याचे पत्नीला कळते. त्यात विशेष काही नाही, तू मनावर घेऊ नकोस, अशी त्याची समजूत घालण्याची तऱ्हा. दुखावलेली पत्नी त्याच्याच मित्राशी तसेच वागते आणि आपण हिशेब चुकता केल्याचे त्याला सांगते. तेव्हा मात्र पतीच्या लेखी विशेष काही घडलेले असते आणि तो घर सोडतो. नॉर्मा शिअररला या भूमिकेसाठी ऑस्कर मिळाले. पत्नीची कृती समर्थनीय आहे, असे मी धर्मगुरू म्हणून कदापि म्हणणार नाही. परंतु पतीचा चेहरा पाहताना माझ्या कार्यालयात येऊन बसणारी किती तरी माणसे आठवली. पुरुषाचे ते 'पाय घसरणे' आणि स्त्रीचे ते 'पाप', ही भाषा आपल्या धर्मग्रामांतून अजून गेलेली नाही. योहानाच्या शुभवर्तमानातल्या त्या स्त्रीला दगडमार करण्यासाठी फरफटत आणले गेले, तिच्यासोबतचा पुरुष कोठे होता, याचा शोध कोणीही घेतला नाही. हॉलिवूडच्या एका चैनी चित्रपटाने निदान तो प्रश्न मोठ्याने विचारला.

मला सर्वाधिक अस्वस्थ केले ते 'अ फ्री सोल' (१९३१) या चित्रपटाने. स्टीफन ॲश हा घरंदाज, बुद्धिमान आणि मद्यासक्त वकील. लायनेल बॅरीमोरने तो असा उभा केला की, त्यालाही ऑस्कर मिळाले. (याच बॅरीमोरने दोन वर्षांपूर्वी 'मॅडम एक्स'चे दिग्दर्शन केले होते.) गुंडांचा म्होरक्या एस विल्फाँग याच्यावर खुनाचा आरोप असतो. जागेवर सापडलेली टोपी त्याच्या डोक्यात बसत नाही, असे भर न्यायालयात दाखवून ॲश त्याला सोडवतो. पुढे हा विल्फाँग, म्हणजे तेव्हाचा नवखा क्लार्क गेबल, ॲशच्या मुलीला मागणी घालतो. त्यासरशी वकीलसाहेबांचे कुलाभिमानी रक्त उसळते. त्याचे शुल्क घेताना ते उसळले नव्हते! मुलगी जॅन त्याच्यातच गुंतली आहे, हे त्यांना उशिरा कळते. मग बापलेकीचा करार होतो: तिने त्या माणसाला सोडावे, यांनी दारू सोडावी. दोघे डोंगरात जाऊन राहतात. मुलगी शब्द पाळते. बाप मात्र एके दिवशी बाटली घेऊन आगगाडीत चढतो आणि नाहीसा होतो.

एकटी परतलेली जॅन विल्फाँगच्या धाकात सापडते. तिचा पूर्वीचा वाग्दत्त वर त्याला गोळी घालतो आणि तिची अब्रू झाकण्यासाठी, जुगाराच्या देण्यावरून मारले, असे सांगतो. जॅन बापाला शोधत गलिच्छ धर्मशाळांतून हिंडते. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात बाप वाट पाहत असतो. येथे उधळा बापच आहे आणि शोधणारी लेक आहे. अखेर ॲश न्यायालयात येतो, स्वतःच्या मुलीला साक्षीला उभी करून सारे वदवून घेतो आणि मग पंचांसमोर दोष स्वतःवर घेतो. त्या गुंडाला घरात आणणारा मी, मुलीला मोकळे सोडून स्वतः बाटलीत बुडालेला मी, अशा अर्थाचे ते भाषण आहे. बोलता बोलता तो कोसळून मरतो. आरोपी निर्दोष सुटतो.

कायद्याच्या दृष्टीने हा निकाल टिकणारा नाही, आणि अभिनयही आजच्या मानाने भडक वाटेल. तरीही प्रायश्चित्त संस्कारासाठी इतकी वर्षे बसणाऱ्या मला त्या भाषणात एक दुर्मीळ गोष्ट ऐकू आली. दुसऱ्याच्या हातून घडलेल्या गुन्ह्यातला आपला वाटा मनुष्य फारच क्वचित उच्चारतो. बाप तर नाहीच.

सगळेच चित्रपट इतके गंभीर नव्हते. अर्न्स्ट लुबिच यांच्या 'ट्रबल इन पॅराडाइझ' (१९३२) मध्ये एक चोर जोडपे पॅरिसमधल्या अत्तर कंपनीच्या श्रीमंत मालकिणीला लुबाडायला जाते. गंमत अशी की, तिच्या कंपनीचा प्रतिष्ठित अध्यक्ष त्यांच्याहून मोठा चोर निघतो. पण पोलिसांना बोलवायचे ते बाहेरच्या चोरासाठी. शेवटी दोघे चोर टॅक्सीत बसून हसत निघून जातात. फादर लॉर्ड यांना हे रुचणे शक्य नव्हते. गुन्हेगाराकडे प्रेक्षकाची सहानुभूती वळू नये आणि विवाहाचे पावित्र्य अबाधित राहावे, हे त्यांच्या नियमावलीचे गाभ्याचे सूत्र. सूत्र म्हणून त्यात वावगे काहीच नाही. मुलांना घेऊन चित्रपटाला जाणाऱ्या आईबापांची चिंता त्यामागे होती, आणि निर्माते केवळ गल्ल्यासाठी नियम धाब्यावर बसवीत होते, हेही खरे.

१९३४ साली कॅथलिक 'लीजन ऑफ डीसन्सी' उभी राहिली. लाखो भाविकांनी अशा चित्रपटांवर बहिष्काराची शपथ घेतली. फिलाडेल्फियाच्या कार्डिनल डॉगर्टी यांनी तर सर्वच चित्रपट वर्ज्य करण्यास सांगितले. त्या जुलैपासून जोसेफ ब्रीन या कॅथलिक गृहस्थाच्या कार्यालयाचा दाखला असल्याखेरीज मोठ्या कंपन्यांचा चित्रपट झळकेना. 'ट्रबल इन पॅराडाइझ' १९३५ मध्ये पुन्हा दाखवण्यास परवानगी मिळाली नाही. १९३६ च्या विश्वपत्रात पोप महोदयांनी अमेरिकन बिशपांच्या या कार्याचा गौरव केला. मात्र चांगला चित्रपट मनुष्याला उन्नत करू शकतो, हेही त्यांनी त्यात आवर्जून म्हटले आहे. नियमावलीचा अंमल पुढे १९६८ पर्यंत कमीअधिक टिकला.

तिने अश्लीलता आवरली, यासाठी फादर लॉर्ड यांचे ऋण मी मानतो. परंतु पापाबरोबर आणखीही काही पडद्यावरून गेले. काय गेले, ते मला 'अ फ्री सोल'ची १९५३ साली निघालेली नवी आवृत्ती पाहताना कळले. 'द गर्ल हू हॅड एव्हरीथिंग' हे तिचे नाव. मुलगी एलिझाबेथ टेलर, वकील बाप विल्यम पॉवेल. वस्त्रे सुंदर आहेत, घर सुंदर आहे, भाषा सभ्य आहे. या वेळी गुंडाला मुलीचा वाग्दत्त वर मारीत नाही. त्याचे स्वतःचे साथीदारच त्याचा काटा काढतात. त्यामुळे खटला चालवण्याचे कारण उरत नाही, पंच बसत नाहीत, आणि विल्यम पॉवेलला उठून काही सांगावे लागत नाही.