स्वस्ताईचा मुहूर्त

आमच्या घरीं कोणतेंहि कार्य निघालें कीं पहिल्यानें पंचांग खालीं येतें. लग्न, मुंज, वास्तुशांति ह्यांचे मुहूर्त पाहण्यांत माझीं बरींच वर्षें गेलीं. कारण शाळेंत संस्कृत शिकविणाऱ्या मास्तराला आळींतले लोक अर्धा जोशी समजतात. परंतु निवृत्तीनंतर जो मुहूर्त मला शोधावा लागला, तो कोणत्याहि पंचांगांत नव्हता. मॉरिशसला जाण्याचें विमानाचें तिकीट वर्षांतून केव्हां सर्वांत स्वस्त पडतें, हा तो प्रश्न. ह्या शोधांत जें हातीं लागलें, तें माझ्यासारख्या पेन्शनीवर हिशेब बसविणाऱ्या कुटुंबांस उपयोगी पडेल, असें वाटून येथें मांडतों.

मॉरिशसच कां, असें कोणी विचारील. मादागास्करच्या पूर्वेस हिंदी महासागरांत सुमारें २,००० चौरस किलोमीटरांचें हें बेट आहे, आणि त्याची गणना आफ्रिकेंत होते. आमच्या आजीच्या तोंडीं ‘मोरस साखर’ हा शब्द असे. ती साखर ह्याच बेटावरून येई, म्हणून तिला तें नांव. त्याच साखरेच्या मळ्यांसाठीं १८३४ पासून पुढें जवळ जवळ पांच लाख मजूर कराराच्या कागदावर अंगठा उठवून तेथें उतरले. पोर्ट लुईच्या बंदरांतील ज्या पायऱ्या ते चढले, तो आप्रवासी घाट युनेस्कोनें २००६ सालीं जागतिक वारसा म्हणून नोंदला. त्या मजुरांत मराठी माणसेंहि होतीं. त्यांच्या वंशजांनीं गणपति टाकला नाहीं. गणेशचतुर्थीस तेथें आज सार्वजनिक सुटी असते.

ही हकीकत माझ्या थोरल्या वहिनींनीं कोठेंशी ऐकली होती. “भाऊजी, तेवढा देश एकदां पाहावासा वाटतो,” असें त्या एका संध्याकाळीं भाजी निवडतां निवडतां म्हणाल्या. वहिनींचें वय ७४. आमची आई गेल्यावर सारें घर त्यांनीं सांभाळलें, आणि काशी व पंढरपूर सोडून त्या कोठें गेल्या नाहींत. त्यांनीं स्वतःसाठीं कांहीं मागितल्याचें मला तरी आठवत नाहीं. दुसऱ्या दिवशीं मीं एक कोरी वही घेतली.

पहिली गोष्ट ऋतूंची. तें बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारें २० अंशांवर आहे. म्हणून आपला हिंवाळा तो त्यांचा उन्हाळा. नोव्हेंबर ते एप्रिल उकाडा व पाऊस, आणि त्यांत जानेवारी ते मार्च चक्रीवादळांचें भय विशेष. मे ते ऑक्टोबर हवा थंड व कोरडी. जुलै-ऑगस्टांत आग्नेयेकडील वारे जोराचे असतात. सप्टेंबर-ऑक्टोबरांत पाऊस अगदीं थोडा.

दुसरी गोष्ट गर्दीची. आणि भाडें हें ऋतूपेक्षां गर्दीच्या मागें जातें. डिसेंबराच्या मध्यापासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत युरोपांतील लोक थंडी चुकविण्यासाठीं तिकडे धांवतात, तेव्हां भाडें शिखरास पोंचतें. मुंबईहून निघणाऱ्यांना आणखी दोन शिखरें चढावीं लागतात: शाळांची मे महिन्यांतील सुटी आणि दिवाळी. फेब्रुवारींत भाडें उतरतें खरें. पण त्याचें कारण आकाशांत असतें, हें विसरूं नये.

तिसरी गोष्ट व्यापाराची. उडून गेलेल्या विमानांतली रिकामी जागा म्हणजे नासलेलें दूध. तें दुसऱ्या दिवशीं विकतां येत नाहीं. १९७२ सालीं एका ब्रिटिश विमान कंपनींतील केनेथ लिटलवुड ह्या गृहस्थानें ह्यावर एक सोपा नियम मांडला. समजा, महाग तिकीट १०० रुपयांचें व स्वस्त ६० रुपयांचें आहे. शेवटच्या दिवसांत महाग गिऱ्हाईक येण्याचा संभव दहांत सहांपेक्षां अधिक असेल, तर जागा राखून ठेवावी; कमी असेल, तर ६० रुपयांस आजच देऊन टाकावी. आज हा हिशेब यंत्रें अहोरात्र करीत असतात. म्हणूनच एका ओळींत शेजारीं शेजारीं बसलेल्या दोघांनीं निराळे दाम दिलेले असतात. स्वस्त जागा मोजक्या. त्या संपल्या कीं पुढची पायरी महाग.

सहा महिने मीं रोज सकाळीं संध्या आटोपल्यावर नातीच्या मदतीनें फोनवर भाडीं पाहिलीं व वहींत उतरलीं. “आजोबा, मंगळवारीं तिकीट काढलें कीं स्वस्त पडतें म्हणे,” असें ती सांगे. वहीनें ह्या समजुतीस आधार दिला नाहीं. तिकीट कोणत्या वारीं काढतों ह्यापेक्षां विमानांत कोणत्या वारीं बसतों, ह्यालाच महत्त्व दिसलें. शुक्रवार ते रविवार महाग, आठवड्याचे मधले वार उतरते. मुंबईहून सरळ विमान सुमारें सहा तासांत पोंचतें; मध्येंच दुसऱ्या देशीं विमान बदललें तर कांहीं वेळां पैसे वांचतात, परंतु अख्खा दिवस जातो, आणि वहिनींच्या गुडघ्यांना तो सौदा परवडणारा नव्हता. अगदीं तळाच्या भावाचें तिकीट रद्द केल्यास बहुधा कांहीं परत मिळत नाहीं. म्हाताऱ्या माणसांनीं थोडे अधिक देऊन तारीख बदलतां येणारें तिकीट घ्यावें, हें मीं वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवलें.

वहीचा निकाल असा निघाला कीं, हवा उत्तम आणि भाडें उतरलेलें असा संयोग अनंतचतुर्दशी व घटस्थापना ह्यांच्या मधल्या पंधरवड्यांत येतो. मे महिन्याच्या मानानें एकेका तिकिटामागें तिसऱ्या हिश्शाएवढी रक्कम वांचत होती. पण हा पंधरवडा पितृपक्षाचा! त्याच पंचमीला माझ्या दादांची, म्हणजे वहिनींच्या यजमानांची, तिथि.

घरांत दोन पक्ष पडले. पुतण्याचें म्हणणें, मे महिन्यांतच सर्वांनीं जावें. मुलांना घरीं टाकून तिघां वडीलधाऱ्यांनीं समुद्र पाहणें हें कांहीं आमच्या घराला शोभत नाहीं. त्याचें म्हणणें चुकीचें नव्हतें. परंतु नऊ माणसांचें मे महिन्याचें भाडें मीं वहींत मांडून दाखविलें, तेव्हां तो गप्प झाला. तिकडे सौ.ला वाटे, पक्षाच्या दिवसांत प्रवासास निघणें बरें नव्हे. “वर्षभर थांबलों तर तुमचे गुडघे थांबतील का, वहिनी?” असें मात्र कोणालाहि विचारवत नव्हतें, आणि प्रत्येकाच्या मनांत तेंच होतें.

मला ह्या वादांत एक गोष्ट स्पष्ट दिसूं लागली. स्वस्त वेळ म्हणजे बहुतेकांना जी मोकळी नसते ती वेळ. नोकरीच्या साऱ्या वर्षांत मी शाळेच्या घंटेला बांधलेला होतों. जें कांहीं हिंडलों, तें मे महिन्याच्या गर्दींत, चढ्या भावानें. दादाहि मास्तरच होते, त्यांचेंहि तसेंच झालें. मुलांवर आज तीच घंटा आहे. आम्हां म्हाताऱ्यांवर ती नाहीं, आणि ही मोकळीक फार दिवस टिकणारीहि नाहीं.

शेवटीं निर्णय वहिनींनींच दिला. “पंचमीला श्राद्ध करूं, मग निघूं. भाऊजी, त्यांना दर मे महिन्यांत कोठें तरी जायचें असे, आणि दर मे महिन्यांत घरांत एखादें लग्न निघे. त्यांचें अन्न त्यांना पोंचवून मी गेलें, तर ते रागावणार नाहींत.” ह्यावर सौ.नेंहि आक्षेप घेतला नाहीं.

त्याप्रमाणें पुतण्यानें श्राद्ध केलें, आणि आम्ही तिघें पुढच्या आठवड्यांत मधल्या वारीं निघालों. विमानतळावर चाकांच्या खुर्चीची मागणी आधींच नोंदविली होती, तिचा फार उपयोग झाला. आप्रवासी घाटाच्या पायऱ्यांपाशीं वहिनी बराच वेळ उभ्या होत्या. मग वांकून त्यांनीं पायरीला हात लावला व तो कपाळीं नेला. बोलल्या कांहींच नाहींत. घटस्थापनेच्या आदल्या दिवशीं आम्ही घरीं होतों.

वांचलेली रक्कम वहिनींच्या सांगण्यावरून निराळी ठेवली आहे. ती मुलांच्या मॉरिशसची. वहीचें दुसरें पान आतां नातीच्या अक्षरांत चालू आहे, आणि त्यांत मे महिन्याचीं भाडीं उतरलीं जातात. आंकडा मोठा आहे. शाळेचे दिवस चुकवून चालणार नाहींत, हेंहि तिनें खालीं लिहिलें आहे. वाचकांपैकीं कोणी मे महिन्यांत जाऊन आलें असल्यास त्यांनीं किती महिने आधीं तिकीट काढलें, तें अवश्य कळवावें. आम्हीं ती नोंद तिच्या पानांत करूं.