तीन साळुंक्या

एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आमच्याकडे बोलीवरचा एक छोटा प्रकल्प असे. विद्यार्थ्याने आपल्या गावी जायचे, एखादे विषयक्षेत्र निवडून त्यातले शब्द गोळा करायचे, ते कोणाकडून मिळाले याची नोंद ठेवायची आणि शेवटी पाच-सहा पानांचे विवेचन जोडायचे. कोणी भातशेतीची अवजारे निवडी, कोणी मासे, कोणी स्वयंपाकघरातली भांडी. २००८ साली संगमेश्वर तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीने पक्षी निवडले. माहिती सांगणारी व्यक्ती एकच होती, तिची आजी. आजीला अक्षरओळख नव्हती, असे प्रस्तावनेत नमूद केलेले होते.

कच्च्या वहीत चाळीसेक नोंदी होत्या. त्यांतल्या तीन साळुंकीच्या होत्या. पहिली ‘घराकडची साळुंकी’. दुसरी ‘गुरांकडची साळुंकी’, आणि तिच्यापुढे कंसात ‘हिचा डोळा पांढरा’. मग तिसरी. मी तांबड्या शाईने तिन्हींना मिळून एक मोठा कंस घातला आणि समासात लिहिले, ‘साळुंकी एकच. पुनरुक्ती टाळावी. पक्ष्याचे वर्णन अपेक्षित नाही.’ मुलगी आज्ञाधारक होती. पक्क्या प्रतीत साळुंकीची एकच नोंद आली. प्रकल्पाला गुणही चांगले मिळाले.

माझी चूक काय झाली, हे समजायला मला अकरा वर्षे लागली.

निवृत्तीनंतर फिरायची सवय लागली. रत्नागिरीहून भाट्याचा पूल ओलांडून पावसच्या रस्त्याला लागले की सड्यावर चढता येते. श्रावणात कातळावर गवत उगवते आणि गुरे चरायला येतात. २०१९ च्या श्रावणात माझ्यासोबत प्राणिशास्त्राचे एक निवृत्त सहकारी होते. त्यांच्या गळ्यात दुर्बीण असे. एका म्हशीच्या पाठीवर दोन साळुंक्या बसल्या होत्या. ते थांबले आणि दुर्बीण माझ्या हाती देत म्हणाले, “डोळा बघा.” साळुंकीत बघण्यासारखे काय असते, असे मनात म्हणत मी दुर्बीण लावली.

आपल्या अंगणातल्या साळुंकीच्या डोळ्यामागे उघड्या पिवळ्या कातडीचा एक ठिपका असतो; लहानपणापासून आपण तिला त्यावरूनच ओळखतो. म्हशीवरच्या पक्ष्याला तो ठिपका नव्हता. चोचीच्या मुळाशी, कपाळावर, काळ्या पिसांचा छोटासा तुरा उभा होता. आणि डोळा फिकट होता, निळसर झाक असलेला पांढरा. ‘हिचा डोळा पांढरा.’ वहीतली ती ओळ, तिच्याभोवतीचा माझा तांबडा कंस आणि समासातले माझे वळणदार अक्षर, सारे त्या सड्यावर डोळ्यांपुढे आले. मी दुर्बीण परत केली. सहकाऱ्यांना काही बोललो नाही.

पुस्तके धुंडाळली ती नंतर. या पक्ष्याला मराठी पक्षिनिरीक्षक जंगल मैना म्हणतात. शास्त्रीय नाव अ‍ॅक्रिडोथेरिस फस्कस. अंगणातली साळुंकी ती अ‍ॅक्रिडोथेरिस ट्रिस्टिस. प्रजाती एक, जाती दोन. प्रजातीच्या नावाचा ग्रीक अर्थ टोळांची शिकार करणारा. जंगल मैनेच्या उत्तरेकडच्या पक्ष्यांचे डोळे पिवळे असतात, द्वीपकल्पाच्या पश्चिम भागातल्यांचे निळसर पांढरे. या पांढऱ्या डोळ्यांच्या उपजातीचे नाव वाचून मी पुस्तक मिटून ठेवले. ते नाव आहे माहरॅटेन्सिस, म्हणजे मराठ्यांच्या मुलखातला.

हे नाव ठेवले कर्नल विल्यम हेन्री सायक्स यांनी. मुंबई सरकारसाठी दख्खनची सांख्यिकीय पाहणी करणारा हा लष्करी अधिकारी. पेशवाई १८१८ मध्ये बुडाली आणि १८३२ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेच्या वृत्तान्तात सायक्स यांची दख्खनच्या पक्ष्यांची यादी छापली गेली. तिच्यात या पक्ष्याची नोंद आहे ‘पास्टर माहरॅटेन्सिस’ अशी. पास्टर हा लॅटिन शब्द. अर्थ गुरे-मेंढरे चारणारा. चरणाऱ्या जनावरांच्या पायांशी घोटाळणाऱ्या, त्यांच्या पाठीवर बसणाऱ्या या पक्ष्यांच्या गटाला ते नाव त्या काळी रूढ होते. म्हणजे सायक्स यांच्या यादीतले नाव मराठीत आणले तर ते जवळपास ‘मराठी मुलखातली, गुरांकडची’ असेच होते. लंडनच्या विद्वत्सभेत जे नाव शास्त्र म्हणून मान्य झाले, तेच नाव संगमेश्वरच्या एका आजीच्या तोंडून आले तेव्हा मी पुनरुक्ती म्हणून खोडले. आणि मी मराठीचा प्राध्यापक.

इथे आजीची बाजू फार भावुकपणे मांडण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. अंगणातली साळुंकीही गुरांमागे फिरते. नांगरामागून चालणारी साळुंकी कोणी पाहिलेली नाही? तेव्हा केवळ सोबतीवरून केलेली विभागणी काटेकोर नाही. ते आजीलाही माहीत असावे. म्हणूनच तिने डोळ्याची खूण जोडली असेल. सवय सांगून नाव द्यायचे आणि शंका राहू नये म्हणून शरीरावरची एक खूण सांगायची, ही पद्धत कोणत्याही पक्षिशास्त्राच्या पुस्तकात शोभावी. मी वर्णन म्हणून जे काढून टाकले, तो तिचा पुरावा होता.

पहिले नावही तितकेच नेमके निघाले. घराकडची साळुंकी खरोखर घराकडचीच. चिमणी टुणटुण उड्या मारते, ही मात्र घरमालकासारखी पावले टाकीत अंगणातून चालते. भिंतीतले भोक, वाशांमधली फट, तुटलेली पन्हळ, कुठेही घरटे करते आणि निळी अंडी घालते. माणूस जाईल तिथे ती टिकते. टोळांच्या बंदोबस्तासाठी अठराव्या शतकात तिला मॉरिशसला नेले, एकोणिसाव्या शतकात कीड खाईल म्हणून मेलबर्नला नेले. आज तिथे ती स्थानिक पक्ष्यांच्या ढोली बळकावते म्हणून लोक तिच्यावर चिडतात. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या तज्ज्ञगटाने २००० साली सर्वांत उपद्रवी अशा १०० परकी जीवांची यादी काढली, तिच्यात पक्षी तीनच आहेत. एक बुलबुल, आणि उरलेले दोन याच कुळातले: युरोपचा स्टर्लिंग आणि आपली साळुंकी. ‘घराकडची’ या एका विशेषणात तिचा हा सगळा इतिहास मावतो.

शास्त्राचे नामकरण चुकत नाही असेही नाही. लिनियसने १७६६ मध्ये आपल्या साळुंकीची नोंद केली ती नंदनपक्ष्यांच्या गणात, पॅराडिझिया ट्रिस्टिस म्हणून. न्यू गिनीच्या रानातल्या त्या झगमगत्या पक्ष्यांच्या पंगतीला आपली तपकिरी साळुंकी बसली. पुढे तिला तिथून उठवले, पण ट्रिस्टिस हे नाव कायम राहिले. त्याचा अर्थ उदास. दिवसभर मान डोलवीत, पिसे फुलवीत भांडणाऱ्या या पक्ष्याइतका उदासपणापासून दूर असलेला दुसरा पक्षी मला माहीत नाही. आमच्या पिढीच्या पक्षिपुस्तकांत भोरडी आणि भांगपाडी मैना युरोपच्या स्टर्लिंगबरोबर स्टर्नस या एकाच प्रजातीत होत्या. या शतकाच्या पहिल्या दशकात जनुकीय अभ्यास झाले आणि ती प्रजाती फुटली. भोरडी आता पास्टर, भांगपाडी स्टर्निया. ज्या पास्टर नावाखाली सायक्स यांनी जंगल मैना नोंदवली, ते नाव आज एकट्या भोरडीपाशी उरले आहे. साऱ्या कुळाचे जवळचे आप्त निघाले ते अमेरिकेतले मॉकिंगबर्ड, दुसऱ्यांच्या आवाजांची नक्कल करणारे. शास्त्र आपल्या चुका अशा उघड्यावर दुरुस्त करते, जुनी नावे पुसून टाकीत नाही. नव्या नावापाशी पहिल्या नोंदकर्त्याचे नाव आणि साल राहते. माझ्या समासातल्या शेऱ्यात ही सोय नव्हती.

साहित्याच्या माणसाला साळुंकी माहीत असते ती सारिका म्हणून. श्रीहर्षाच्या ‘रत्नावली’त सागरिका आणि सुसंगता यांचे खाजगी बोलणे सारिका ऐकते, पिंजऱ्यातून सुटते आणि तेच बोलणे राजाच्या कानी घालते, नाटकाचे कथानक तिथून पुढे सरकते. हा अंक मी वीस-बावीस वर्षे शिकवला. ऐकलेले बोलणे दुसऱ्याच्या तोंडून पुन्हा येते तेव्हा काय घडते, यावर वर्गात पुष्कळ बोललो. पण ही सारिका नेमका कोणता पक्षी, हा प्रश्न मला कधी पडला नाही. के. एन. दवे यांनी ‘बर्ड्‌स इन संस्कृत लिटरेचर’ हा ग्रंथ अशाच प्रश्नांसाठी लिहिला. तो १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. मला तो निवृत्तीनंतर उघडावासा वाटला. आपल्या लेखी सारिका ही कथानकाची युक्ती, मैना ही लोकगीतातली प्रेयसी. पक्षी म्हणून तिच्याकडे पाहायचे काम आपण दुसऱ्या विभागाकडे सोपवलेले असते. त्या अंकातली सारिका निदान ऐकले तसे बोलते. त्या मुलीनेही आजीचे बोलणे ऐकले तसे वहीत उतरवले होते. मध्ये मी आलो.

सड्यावरून परतल्यावर त्या विद्यार्थिनीला लगेच फोन करायला हवा होता. तिचा नंबर मिळवणे अवघड नव्हते. ती चिपळूणला एका शाळेत शिकवीत होती. पण काय म्हणायचे? अकरा वर्षांपूर्वीच्या तांबड्या शाईबद्दल दिलगिरी व्यक्त करणारा शिक्षक हास्यास्पद दिसेल, असे वाटले. मग टाळेबंदी आली. असे करीत जवळपास अडीच वर्षे गेली. २०२२ च्या जानेवारीत शेवटी फोन केला.

“सर, एवढ्यासाठी फोन केलात?” ती हसली. तिला सगळे आठवत होते. आजी २०१४ मध्ये गेली. मी विचारले, तुझी कच्ची वही आहे का? क्षणभर ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “होती सर. आजीची म्हणून जपून ठेवली होती. पुरात गेली.” २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये पाणी शिरले तेव्हा तळमजल्यावरच्या तिच्या घरातली कपाटे पाण्याखाली होती. मी २०१९ मध्ये फोन केला असता तर वही होती.

मी विचारले, तेव्हा तुला स्वतःला ठाऊक होते का, की हे तीन वेगळे पक्षी आहेत?

“माहीत होतं सर. लहानपणापासून बघत होते. पण तुम्ही पुनरुक्ती लिहिलंत, म्हटलं पुस्तकात एकच असेल.”

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. थोड्या वेळाने विचारले, तिसरीचे नाव काय होते? तिने पुष्कळ आठवून पाहिले. नंतर दोनदा तिचे फोनही आले, आईला विचारले, मामाला विचारले म्हणून. कोणालाच आठवत नव्हते. मलाही नाही, मी तर ते वाचून खोडले होते. तिला आठवते ते इतकेच, की आजी तिला ती साळुंकी दाखवायला घरामागच्या पांगाऱ्याखाली घेऊन गेली होती आणि पांगारा फुललेला होता.

पांगारा फुलतो तेव्हा त्याच्या लाल फुलांतला मध प्यायला या कुळातले बरेच जण येतात. डोक्यावरची काळी पिसे मागे विंचरल्यासारखी दिसणारी भांगपाडी मैना येते. मध्य आशियाकडून हिवाळ्यासाठी आलेल्या गुलाबी-काळ्या भोरड्या थव्याने येतात. राखट डोक्याची, तांबूस पोटाची एक लहानशी मैनाही येते. यांतली आजीची तिसरी कोणती, ते सांगायला आता कोणी नाही. पक्षी तिन्ही आहेत. गेले ते नाव, आणि त्या नावात तिने या पक्ष्याचे जे काही पाहून ठेवले होते ते. बोली नाहीशा होण्याबद्दल आपण परिसंवादांतून हळहळतो आणि त्याचा दोष काळाला, शहराला, इंग्रजीला देतो. यातल्या एका शब्दापुरता हिशेब माझ्याकडे आहे. तो शब्द काळाने नेलेला नाही.

प्रकल्पाची पक्की प्रत विभागाच्या कपाटात अजून आहे. गेल्या वर्षी जाऊन ती काढून घेतली. साळुंकीच्या नोंदीखाली जागा होती. तिथे पेन्सिलीने लिहिले, ‘मूळ वहीत या ठिकाणी तीन नोंदी होत्या. १. घराकडची साळुंकी. २. गुरांकडची साळुंकी, हिचा डोळा पांढरा. ३.’ तिसऱ्या आकड्यापुढची जागा रिकामी ठेवली, खाली सही केली आणि तारीख घातली.