बिमिनीचे उथळ पाणी

अमेरिकेतील मायामी शहराच्या पूर्वेला सुमारे ८० किलोमीटरवर बिमिनी नावाची छोटी बेटे आहेत. देश बहामा. वस्ती बहुतेक काळ्या लोकांची. त्यांच्या पूर्वजांना आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणले गेले होते. देश १९७३ साली स्वतंत्र झाला. फ्लोरिडात राहणाऱ्या आमच्या लेकी-जावयांनी चार दिवसांच्या सुट्टीत तेथे जायचे ठरविले आणि आम्हा दोघांनाही बरोबर घेतले. जावईबापूंना फ्लाय फिशिंगची भारी हौस.

हे काय प्रकरण, असे वाचक विचारतील. गळाला गांडूळ किंवा कोळंबी लावून मासे धरणे आपल्याला ठाऊक आहे. यात आमिष खोटे असते. बारीक गळावर पिसे, केस, चमकी दोऱ्याने बांधून कोळंबीसारखे काहीतरी बनवितात. त्याला वजन नसते, म्हणून दोरीच जाड व जड असते आणि नऊ फुटी काठीने मागेपुढे झोकून ती लांब टाकायची. धरायचा मासा बोनफिश. बहामात त्याची खरेदी-विक्री कायद्याने बंद आहे. पाहुणे मासा धरतात आणि पुन्हा पाण्यात सोडतात. सोडायचाच तर धरायचा कशाला, हे आम्ही विचारलेच. जावईबापू नुसते हसले.

त्यांची तयारी महिनाभर चालली होती. काठी, रीळ, उन्हाचे चष्मे. पण खरी तयारी भरती-ओहोटीच्या तक्त्याची. मुंबईला उधाणात पाणी चार-साडेचार मीटर चढते, येथे जेमतेम एक मीटर. मात्र जमीन एवढी सपाट की तेवढ्यानेच मैलभर वाळू बुडते. भरती चढू लागली की बोनफिश खेकडे-कोळंबी उकरायला गुडघाभर पाण्यात येतो, ओहोटीला परत जातो. म्हणजे हॉटेलची न्याहारी किती वाजता हे न बघता, पाणी किती वाजता चढते ते बघून दिवस ठरवायचा. जून ते नोव्हेंबर वादळांचा काळ. हिवाळ्यात उत्तरेचा गार वारा सुटला की मासा खोल पाण्यात जातो. मार्च ते मे बरा.

दुसरी गोष्ट वाटाड्या. २०१७ सालापासून परदेशी पाहुण्याला या उथळ पाण्यात मासेमारीसाठी परवाना लागतो. वाटाड्याचा अर्ध्या दिवसाचा मेहनतानाही आपल्याकडच्या साध्या कामगाराच्या महिन्याच्या पगाराएवढा. आम्हाला तो आधी फार वाटला. पण हा माणूस होडीच्या मागच्या उंच फळीवर लांब वासा घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "अकरा वाजता, चाळीस फूट." होडीचे टोक म्हणजे बारा, त्यावरून दिशा सांगतात. आम्ही डोळे फाडून पाहिले, पाणीच पाणी! बोनफिशची खवले आरशासारखी; मासा दिसत नाही, वाळूवर सरकणारी त्याची सावली दिसते. ती ओळखायला जन्म तेथे जावा लागतो. मासा लागला की काठी वर उचलायची नाही, दोरी हाताने खेचायची, हेही त्यानेच दरडावून सांगितले. इंजिनिअर जावई मुकाट्याने ऐकत होते.

या खेळातली एक गाजलेली माशी 'क्रेझी चार्ली' म्हणून ओळखली जाते. १९७७ साली अँड्रोस बेटावर एका अमेरिकन पाहुण्याने ती बांधली. नाव मात्र तेथील वाटाड्याचे, चार्ली स्मिथ यांचे पडले. असे क्वचित घडते.

जावईबापूंना दोन मासे मिळाले, ते सोडले. मग आम्ही वाटाड्याला खारफुटीच्या खाडीत न्यायला सांगितले, कारण आमचे अर्धे येणे त्यासाठीच होते. १९६४ साली डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांना नोबेल पारितोषिक जाहीर झाले, त्यानंतर ते बिमिनीला आले होते. बोनफिशचे वाटाडे व होड्या बांधणारे अँसिल साँडर्स यांनी त्यांना आपल्या होडीतून याच शांत पाण्यात आणले. नोबेलच्या भाषणाचे काम डॉ. किंग यांनी येथे केले. १९६८ साली ते पुन्हा आले. मेम्फिसचे सुमारे १३०० सफाई कामगार तेव्हा संपावर होते. कचऱ्याच्या गाडीत चिरडून दोन कामगार मेले होते. संपकऱ्यांच्या फलकावर 'मी माणूस आहे' एवढेच लिहिलेले असे. त्या कामगारांसाठी करायच्या भाषणाचे कामही डॉ. किंग यांनी या होडीत केले, असे साँडर्स यांनी सांगितले आहे. ४ एप्रिलला मेम्फिसमध्ये त्यांचा खून झाला. १६ एप्रिलला संप मिटला, युनियनला मान्यता व पगारवाढ मिळाली.

खारफुटीत डॉ. किंग यांचा अर्धपुतळा उभा केलेला आहे. आम्ही हात जोडले. आमच्या घरात दोन पिढ्या झाडूखात्यात गेल्या, हे लेकीने वाटाड्याला सांगितले. त्याने टोपी काढली, काही बोलला नाही. मग पाण्याकडे बघून त्याने वासा उचलला. ओहोटी लागली होती. तासभर आणखी थांबलो असतो तर होडी चिखलात बसली असती.